कॉम्प्युटरला सासुरवास करणारी रत्ना

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी गोकुळ शिरगावच्या आमच्या शेडमध्ये मशीनच्या पायाशी बसून बोल्ट आवळत होतो. सकाळचा चहा नुकताच होऊन गेला होता. प्रकाश म्हणजे रत्नाचा नवरा. हायस्कूलमध्ये गणित शिकवतो, फोनवर कामापुरतंच बोलतो. "मल्लूदादा, रत्ना गेली," एवढंच म्हणाला. मला आधी वाटलं, पुण्याला गेली असेल, न सांगता निघायची तिला सवयच होती... मग पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला आणि कळलं. पहाटे डोकं दुखतंय म्हणाली, उलटी झाली, दवाखान्यात पोचेपर्यंत मेंदूतला रक्तस्राव डॉक्टरांच्या हाताबाहेर गेला होता. फोन ठेवला आणि मी परत खाली बसून तो बोल्ट पूर्ण आवळला. राहिलेले बाकीचेही आवळले. मग गाडी काढली. पाना हातातच राहिला होता, हे गडमुडशिंगीत तिच्या दारात उतरल्यावर दिसलं.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, प्रकाश शाळेत जायला लागला. मला मात्र एका जागी बसवत नाही. हा लेखही तुकड्यातुकड्यांनी लिहितोय. थोडं लिहितो, उठतो, शेडच्या दारापर्यंत जातो, परत येतो. हे दुखणं मुळात रत्नाचं. तिला मी निवांत बसलेली फारशी पाहिलीच नाही. विचार करायचा असला की ओढणी कमरेला खोचून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायची आणि मधेच थांबून जे सांगायचं ते तोंडावर सांगायची. ऐकणारा गिऱ्हाईक असो, बँकेचा माणूस असो नाहीतर मी.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. लोकांना वाटतं, मला त्याची टोचणी लागली असेल. तसं काही नाही. आम्ही रोज भांडायचो, भांडल्याशिवाय आमच्या शेडमधून एकही मशीन बाहेर पडलेलं नाही. मला अस्वस्थ करतं ते एवढंच, की ते भांडण अर्धं राहिलं. "उद्या बोलू," म्हणून तिनं स्कूटर काढली होती, आणि भांडणाचा विषय शेडच्या मधोमध तसाच उभा होता.

तो विषय काय होता हे कळायला आमचा धंदा थोडा सांगायला हवा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत, इकडं गोकुळ शिरगावात फाउंड्रीतून ओतून आलेलं कास्टिंग घासूनपुसून मापात आणणारी, हुकमावर आपोआप चालणारी जुनी सीएनसी मशीनं अजून खूप आहेत. त्यांचं लोखंड अस्सल असतं, पण ते चालवणारा मेंदू, म्हणजे कंट्रोलर, एक दिवस मरतो आणि बनवणारी कंपनी म्हणते, आता हे सुटे भाग मिळत नाहीत. मालक मशीन भंगारात घालायला निघतो. तिथं आम्ही जायचो. जुना मेंदू काढून त्या जागी साधा कॉम्प्युटर बसवायचो, ऑफिसात असतो तसाच, त्यावर कुणालाही मोफत मिळणारी लिनक्स ही प्रणाली. स्क्रू, बेअरिंग, मोटरी माझ्याकडं, कॉम्प्युटर तिच्याकडं. ती म्हणायची, "तू लोखंड बघ, मी वेळ बघते."

वेळ, हाच सगळा घोळ. ऑफिसातला कॉम्प्युटर हुशार असतो, पण त्याला वक्तशीरपणाची सवय नसते. गिऱ्हाइकांना हे समजावताना रत्ना पुस्तकी बोलायची नाही. पंपाची कास्टिंगं करणारे शिरोलीचे देसाई आमच्याकडं पहिल्यांदा आले, तेव्हा तिनं सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतं. "साहेब, ह्याला सगळ्यांचं मन राखायची खोड हाय. कुणी माऊस हलवला की त्याचं ऐकतो, फाईल मागितली की ती द्यायला जातो. मशीन म्हणतंय, आत्ता सांग मी कुठं थांबू, आणि हा म्हणतोय, आलोच. मशीनला 'आलोच' चालत न्हाय." म्हणून ती त्या प्रणालीच्या गाभ्यात बदल करायची, मशीनच्या कामाला सगळ्यात पहिला मान द्यायची, प्रोसेसरचा एक भाग फक्त मशीनसाठी राखून ठेवायची. देसाई सगळं ऐकून माझ्याकडं वळले आणि म्हणाले, ते ठीक, पण तुमचे इंजिनिअर साहेब कधी भेटतील? रत्ना हसली नाही, रागावलीही नाही. तिनं टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि त्यांच्यासमोर कॉम्प्युटर उघडायला लागली.

आमची ओळख पॉलिटेक्निकमधली. मी गडहिंग्लजकडचा, घरी कन्नड बोलणारा, मराठीत सारखा अडखळणारा. ती गडमुडशिंगीहून बसनं यायची. तिचे वडील फाउंड्रीत कामाला होते आणि मुलीनं भट्टीजवळ जाऊ नये, टेबलाजवळ बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वर्गात कुणीतरी तिला आडनाव विचारलं, मग गावात घर कुठं आहे ते विचारलं. असल्या प्रश्नांचा रोख तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की बौद्धवाड्यात, समाजमंदिराच्या पाठीमागं, या एकदा जेवायला. विचारणारा वहीत डोकं घालून बसला. मी मात्र खरंच जेवायला गेलो. तिच्या आईला मी त्या दिवसापासून मावशी म्हणतो.

पुढं ती पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायला लागली. नोकरी चांगली होती, खुर्ची चांगली होती, आणि तीच तिला सोसवली नाही. एक दिवस माझ्या दारात उभी राहून म्हणाली, तिथं मी लिहिलेलं काहीच हलत नाही रे. काचेवर अक्षरं उमटतात आणि जातात. मला काहीतरी हललेलं बघायचंय... त्यावर आम्ही शेड घेतली.

पहिलं मशीन एका छोट्या कारखान्यातला लेथ होता. बसवला, चालला, मालक खूश झाला, आम्ही पेढे वाटले. काही दिवसांनी फोन आला की लगेच या. गेलो तर दस्तगीर नावाचा ऑपरेटर भुवईवर रुमाल दाबून स्टुलावर बसला होता आणि रुमाल लाल झाला होता. टूल फिरत्या जॉबकडं, म्हणजे कापायच्या लोखंडाकडं, जात असताना ज्या क्षणी कॉम्प्युटरनं 'थांब' म्हणायचं, त्या क्षणी तो दुसरीकडंच कुठं गुंतला. नवा हुकूम आला नाही म्हणून मोटर जुनाच हुकूम पाळत राहिली आणि टूल त्याच वेगानं जॉबमध्ये घुसलं. टूलच्या टोकाची कडक पाती फुटून तिचा तुकडा उडाला. डोळा वाचला तो बोटभर अंतरानं. अर्थात हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी मालकाचं म्हणणं होतं, की दस्तगीरनंच चुकीचं बटण दाबलं असणार. दस्तगीर रुमालाची घडी बदलत होता. आपली नोकरी गेली, हे त्यानं धरून टाकलं होतं.

रत्नाजवळ त्या वेळी पुरावा काहीच नव्हता. असता तरी तो आमच्याच विरुद्धचा पुरावा. ती दस्तगीर आणि मालक यांच्या मधे जाऊन उभी राहिली. "ह्याची चूक न्हाय. आमचा कॉम्प्युटर चुकला. ह्याला कामावरनं काढणार असला तर मी उद्या परत येऊन हेच सगळ्या कामगारांसमोर बोलणार." आमचं ते पहिलंच मशीन होतं. उद्यमनगरात बातमी पसरायला चहाच्या दोन टपऱ्या पुरतात. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मला घाम फुटला होता. दस्तगीर कामावर राहिला. मशीन आमच्याकडं परत आलं आणि त्यानंतर बराच काळ दुसरं कुणी आमच्या दारात आलं नाही.

तो सगळा काळ ती शोधत होती. प्रणालीचा गाभा उलटापालटा केला, चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या, तरी कधीतरी अवचित तो खंड पडायचाच. शेवटी तिच्या लक्षात आलं की हरवलेल्या वेळेचा प्रणालीकडं हिशेबच नाही. म्हणजे वेळ कुणीतरी प्रणालीच्या पाठीमागं नेतंय. मग सापडलं ते असं : मदरबोर्डच्या पोटात उत्पादकानंच घातलेला एक छोटा प्रोग्राम होता. तो मधूनच प्रोसेसर ताब्यात घ्यायचा, आत किती तापलंय ते बघायचा आणि काही झालंच नाही अशा थाटात परत द्यायचा. रत्ना शेडभर चालत होती आणि सारखी म्हणत होती, "अरे, कॉम्प्युटरला स्वतःलाच ठाऊक न्हाय की आपण मधे न्हवतो." तिच्या आवाजात आनंद होता, आणि थोडी भीतीही.

तेव्हापासून ती कुठलाही कॉम्प्युटर तपासल्याशिवाय घेईना. पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून दुकानात जायची आणि तिथल्या तिथं चाचणी लावायची. एका दुकानदारानं वैतागून विचारलं, ताई, कॉम्प्युटर घ्यायचाय का त्याची परीक्षा घ्यायचीय? पास झाला तर घेणार, म्हणाली, आणि तिथल्या तिथं येरझाऱ्या घालायला लागली. शिवाय हुकूम वेळेत आला नाही तर मोटरची वीजच तोडेल असा एक छोटा बोर्ड ती प्रत्येक मशीनला बसवायची. मी म्हणायचो, हा बोर्ड आहे ना, मग एवढी चिंता कशाला. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं. गाडीला ब्रेक आहे म्हणून गगनबावड्याचा घाट कुणी डोळे मिटून उतरत नाही.

आणि सासुरवास... मशीन गिऱ्हाइकाला देण्याआधी काही दिवस ती त्या कॉम्प्युटरचा जो छळ करायची, त्याला तिनंच हे नाव ठेवलं होतं. एकीकडं मशीन चालू ठेवायचं, हवेत टूल फिरवत. दुसरीकडं त्याच कॉम्प्युटरवर एकावर एक व्हिडिओ लावायचे, भल्यामोठ्या फायली इकडून तिकडं हलवायच्या, पेन ड्राइव्ह खुपसायचे, काढायचे, खिडक्या पडद्यावर गरागरा फिरवायच्या. प्रत्येक हुकूम पोचायला किती उशीर झाला याचा आलेख शेजारच्या लॅपटॉपवर उमटत राहायचा. मशीनचा ठेका चुकला नाही तरच ते पास. एकदा मावशी भाकरी घेऊन शेडवर आल्या, तर लेकीसमोर गाण्यांचे सात-आठ व्हिडिओ एकदम नाचतायत. त्यांनी मला हळूच विचारलं, "ही काम करती का शिनेमा बघती?" मी सासुरवासाचं सांगितलं. मावशी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग माझ्या सासूला बोलवायचं न्हवं. एका दिसात पास-नापास सांगितलं असतं." रत्ना त्या दिवशी हसून हसून खाली बसली. बसलेली रत्ना म्हटलं की मला तो दिवस आठवतो.

देसाईंचं मशीन आमचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. इतकी वर्षं ते आमच्याकडं येत होते, इंजिनिअर साहेब कोण हे त्यांना केव्हाच कळलं होतं. या वेळी त्यांनी हौसेनं नवा टचस्क्रीन बसवायला सांगितला. सगळं जुळलं. सासुरवास पार पडला. आणि त्यानंतर मशीन तसंच चालू असताना रत्नाला आलेखात एक उंच रेघ दिसली. एकच. एकदाच उशीर झालेला, पण मर्यादेपलीकडं. तिनं पुन्हा छळ सुरू केला, रेघ काही येईना. देसाईंची कास्टिंगं अडली होती, ते रोज फोन करत होते. मी म्हटलं, एका रेघेसाठी किती थांबायचं, वीज तोडणारा बोर्ड आहे की. ती म्हणाली, ती रेघ का आली ते मला सांग, मी आत्ता ट्रक बोलावते. मला सांगता येईना. तिलाही येईना. तिथं आमचं वाजलं, आणि 'उद्या बोलू' म्हणून ती गेली.

पुण्यानुमोदनानंतर देसाई शेडवर आले. मनानं चांगला माणूस. बराच वेळ रत्नाबद्दलच बोलले, डोळे पुसले. मग मशीनकडं बघून म्हणाले, "मल्लू, आता तूच सांग. चालतंय न्हवं?" चालत तर होतं. हो म्हटलं असतं तर कुणीही मला अडवलं नसतं. अडवणारी एकच होती. मी देसाईंना म्हटलं, अजून थोडे दिवस द्या. ते मशीनवर एकदा हात फिरवून गेले.

मग मी तिचं काम करायला लागलो, जमेल तसं. व्हिडिओ लावले, फायली हलवल्या, पेन ड्राइव्ह खुपसले. आलेख सपाट. चिडून आणखी छळ केला. तरी सपाट. प्रकाशनं तिचा घरचा लॅपटॉप आणून दिला. या कामातले जगभरचे लोक एका संकेतस्थळावर एकमेकांना प्रश्न विचारतात, तिथं तिनं त्या रेघेबद्दल विचारलेलं होतं आणि तिच्या नावे उत्तरं येत होती. कुठल्या तरी थंड देशातल्या एका निवृत्त यंत्रकारानं लिहिलं होतं, रत्ना, रेघ आली तेव्हा कॉम्प्युटरवर कोण काय करत होतं? दोन दिवसांनी त्यानं पुन्हा विचारलं होतं, रत्ना, आहेस ना?

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी लिहिलं की रत्ना वारली, मी तिचा भागीदार. त्याचं उत्तर आलं. तिनं कधीकाळी त्याचंही मशीन असंच लिहून लिहून दुरुस्त करून दिलं होतं, ती एवढी तरुण असेल हे त्याला माहीत नव्हतं, असं बरंच काही. शेवटी तोच प्रश्न, कोण काय करत होतं? मी आठवायला लागलो. ती मागच्या खोलीत डबा खात होती. मी बाहेर टेम्पोवाल्याशी वाद घालत होतो. कॉम्प्युटरवर... कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही असं ठरवून समोर स्टुलावर बसलो. हात मांड्यांखाली घेतले. इतकं अवघड काम मी या शेडमध्ये कधी केलं नव्हतं. उठावंसं वाटायचं, निदान माऊस तरी हलवावासा वाटायचा. बराच वेळ गेला. टचस्क्रीन काळा झाला, आणि त्याच क्षणी लॅपटॉपवरच्या आलेखात ती रेघ उभी राहिली.

कॉम्प्युटरची स्वतःची झोप रत्नानं कधीच बंद केलेली होती. पण या नव्या स्क्रीनला त्याची वेगळी झोप होती. कुणी हात लावला नाही की तो मिटायचा. कॉम्प्युटरला वाटायचं, स्क्रीन कुणी काढून नेला, आणि तो सगळं टाकून त्याला शोधायला निघायचा. सासुरवासात हे कळणं शक्य नव्हतं, कारण छळ चालू असताना स्क्रीन कधी झोपलाच नाही. मी परत हात लावला, परत वाट पाहिली, परत रेघ आली. मला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. जरा बसली असतीस तर तुलाच सापडलं असतं की... असं मी मोठ्यानं बोललो. शेजारच्या शेडमधला वेल्डर डोकावून गेला.

तो स्क्रीन काढून साधा बसवला. छळ करून बघितला, न छळता बघितला, देसाईंना हवं होतं त्याहून बरेच जास्त दिवस. मग गडमुडशिंगीला जाऊन प्रकाशला आणि मावशींना सांगितलं. प्रकाशनं बारकाईनं सगळं विचारून घेतलं, कागदावर आलेख काढून बघितला. मावशींना त्यातलं एकच हवं होतं. "म्हंजे ती भांडत हुती ते बरोबर हुतं?" मी म्हटलं, "व्हय मावशी." त्या उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या माझ्यासाठी ताट घेऊन.

गेल्या आठवड्यात देसाईंच्या कारखान्यात मशीन उभं राहिलं. त्यावर शबाना नावाची ऑपरेटर आहे, शिकून तयार झालेली, हाताची पक्की. तिनं पहिलं कास्टिंग मशीनवर बांधलं. देसाई, त्यांचा मुलगा, सगळे स्क्रीनसमोर गोळा झाले. रत्ना अशा वेळी स्क्रीनकडं कधी जायची नाही. बाजूला उभी राहून लाल बटणावर, सगळं एकदम बंद करणाऱ्या बटणावर, तळहात ठेवायची आणि टूलकडं न बघता ऑपरेटरच्या चेहऱ्याकडं बघत राहायची. काही बिघडलं तर चेहऱ्याला आधी कळतं म्हणायची. मी आजवर तिच्या मागं उभा राहत आलो होतो. त्या दिवशी ती जागा रिकामी होती, आणि माझे पाय आपोआप तिथं गेले.

मशीन सुरू झालं. मी शबानाच्या चेहऱ्याकडं बघत होतो. थोड्या वेळानं ती अवघडली. "सर, माझ्याकडं काय बघताय?" मी म्हटलं, आमच्या मॅडम असंच बघायच्या. ती वळून कामाला लागली. तिच्या कपाळाला एक आठी होती, ती हळूहळू गेली. टूल थांबायचं तिथं थांबलं, मागं आलं. तिनं दार उघडून कास्टिंग काढलं, माप घेतलं, देसाईंच्या हातात दिलं. सगळे त्या कास्टिंगभोवती जमले, कुणीतरी चहा सांगितला.

शबानानं दुसरं कास्टिंग उचललं आणि माझ्याकडं बघितलं. "लावू?"

"लाव," मी म्हटलं, आणि हात बटणावरच ठेवला.